साबण घट्ट का होत नाही?

दिवाळीच्या भेटीसाठी घरीच साबण करायची टूम ऑकलंडच्या आपल्या मंडळींत चांगलीच पसरली आहे. फराळाच्या डब्याबरोबर उटण्याच्या वासाची एक वडी द्यायची, तिच्यावरच्या कागदी पट्टीवर मुलांकडून पणती काढून घ्यायची. कल्पना सुरेख आहे. अडचण एवढीच की यातले पुष्कळ साबण वडी होण्याऐवजी शिऱ्याच्या अवस्थेतच राहतात. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ असल्यामुळे असे साबण तपासणीसाठी माझ्याकडे येतात. ही पदवी अभियांत्रिकीतली आहे आणि पोट मी संगणकाच्या प्रणाली लिहून भरतो, हे सांगून काही उपयोग होत नाही.

पण संगणकाच्या धंद्यातली एक सवय इथे कामी येते. बिघाड दिसला की लगेच हात घालायचा नाही. तो कुठल्या पायरीवर झाला ते आधी शोधायचे. मऊ साबण हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप मलेरियाचाही असतो आणि सर्दीचाही. साबण घट्ट झाला नाही की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘कॉस्टिक सोडा कमी पडला, आणखी थोडा घालू’ असा. काही वेळा तो बरोबर ठरतो. पण काही साबण सोडा जास्त असूनही मऊ राहतात, आणि त्यांत आणखी सोडा घातला तर तीच वडी अभ्यंगस्नानाच्या दिवशी पोरांच्या अंगाला लागते. म्हणून हा लेखप्रपंच.

साबण होतो म्हणजे काय होते?

खोबरेल असो, तीळतेल असो की लोणी, त्याच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या लटकलेल्या असतात. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, या साखळ्या कण्यापासून तोडतो आणि प्रत्येकीच्या टोकाला सोडियम बसतो. ती सोडियम बसलेली साखळी म्हणजे साबण. सुटे झालेले ग्लिसरीन घरगुती साबणात तसेच राहते. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेला-चरबीची ही रचना उलगडून दाखवणारा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. त्याआधी हजारो वर्षे माणसे साबण करतच होती, फक्त का होतो ते ठाऊक नव्हते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, साखळ्या किती आहेत त्यावर सोडा किती लागेल ते ठरते. हा हिशेब अंदाजाचा नाही. दोन, साखळ्या कशा आहेत त्यावर वडी किती कठीण होईल ते ठरते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की तपास भरकटतो.

पहिला प्रश्न: किती दिवस झाले?

कढई न तापवता केलेला साबण एक-दोन दिवसांत साच्यातून निघतो, पण तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ऑलिव्ह तेलाच्या साबणाला तर महिनेच्या महिने लागतात. सीरियातल्या अलेप्पोचा प्रसिद्ध साबण सहा-नऊ महिने रचून वाळवतात. या काळात वडीतले पाणी उडत असते.

आता आपल्या जागेचा विचार करा. ओटाहुहु हे टामाकी नदी आणि मानुकाऊ बंदर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. इथली जमीन इतकी अरुंद, की माओरी लोक आपल्या होड्या एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात ओढून नेत. दोन्ही अंगांना खारे पाणी, त्यात ऑकलंडचा पावसाळी हिवाळा. साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते. दमट दिवशी वडीवर घामासारखे थेंब जमतात ते त्यामुळेच. पुण्याच्या एप्रिलात जी वडी तीन आठवड्यांत खडखडीत वाळेल, ती इथे जुलैमध्ये दुप्पट वेळ घेईल.

म्हणून पहिली चाचणी स्वयंपाकघरातल्या तराजूची. वडीचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. वजन कमी होत असेल तर साबण अजून वाळतो आहे. त्याला हात लावू नका. न्हाणीघरातून मात्र बाहेर काढा. जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचे जे कपाट असते, ते यासाठी उत्तम जागा आहे. वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिले आणि तरी बोट रुतते, तर दोष पाण्याचा नाही. मग पुढे चला.

दुसरा प्रश्न: तेल कोणते?

मेदाम्लांच्या साखळ्या दोन जातींच्या. संपृक्त साखळ्या सरळ असतात. काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि वडी कठीण होते. असंपृक्त साखळ्यांना मध्येच वाक असतो, त्या नीट रचल्या जात नाहीत आणि वडी मऊ राहते. खोबरेलात निम्म्याच्या आसपास एकटे लॉरिक आम्ल असते, आणि ते संपृक्त. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक, ते असंपृक्त. इथल्या घरोघरी असणारे राइस ब्रान तेल मधले, पण मऊपणाकडे झुकणारे. सोपी खूण अशी: जुलैच्या सकाळी जे तेल बाटलीत थिजते ते साबण कठीण करते, जे पातळच राहते ते मऊ.

न्यूझीलंडच्या जुन्या घरगुती पुस्तकांतले साबण बहुधा चरबीचे असतात. ते साहजिकच आहे. ओटाहुहुला लागूनच वेस्टफील्डचा मोठा मांस कारखाना होता, तो १९८९ साली बंद झाला. अशा कारखान्यांच्या देशात चरबी स्वस्त आणि मुबलक. आपल्यापैकी कुणी ते पुस्तक ग्रंथालयातून आणतात, चरबी नको म्हणून तेवढ्याच वजनाचे सूर्यफूल तेल घालतात आणि महिनाभर वाट पाहतात. इथे सोड्याचा हिशेब फारसा बिघडत नाही: एक किलो गोचरबीला सुमारे १४० ग्रॅम सोडा लागतो, सूर्यफूल तेलाला सुमारे १३४. बिघडते ते साखळ्यांचे. चरबीतल्या पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांनी जो कठीणपणा दिला असता, तो तेलात नाहीच. अशा साबणात सोडा वाढवून काहीही साधणार नाही.

चरबी टाळून वडी कठीण कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांच्या चरबीविना ‘चावी’ साबण १९१८ साली बाजारात आणला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. पुढे खादी-ग्रामोद्योगाने कडुनिंब, करंज यांच्या अखाद्य तेलांचे साबण करायला उत्तेजन दिले, तिथेही हाच. चरबी वगळली की तिचा कठीणपणा दुसरीकडून आणावा लागतो. तो खोबरेलातून येतो, कोको बटरमधून येतो, आणि कोकण-गोव्याकडच्या मंडळींनी ऐकून आनंद व्हावा, भिरंडेलातूनही येतो. टाचांच्या भेगांना लावायचा तो पांढरट गोळा म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. त्यात अर्ध्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते. गावाहून कुणी येणार असेल तर लोणच्याबरोबर त्याचाही एखादा गोळा मागवायला हरकत नाही. विमानतळावरच्या फॉर्मवर मात्र तो जाहीर करावा.

खोबरेल कितीही वाढवावे असे नाही. नुसत्या खोबरेलाचा साबण दगडासारखा होतो आणि भरपूर फेसतो, पण त्वचा कोरडी करतो. एकूण तेलाच्या ३० ते ४० टक्के ही बेताची मर्यादा.

तिसरा प्रश्न: बाटलीत तेलच आहे ना?

ओटाहुहुतल्या एका वहिनींचा साबण गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. दोन महिन्यांनंतरही त्यात बोट रुतत होते. हिशेब चोख: अर्धा किलो खोबरेल, अर्धा किलो बदाम तेल, दोन्हींचा सोडा कोष्टकावरून काढलेला. वडीचा तुकडा तपकिरी कागदावर दिवसभर ठेवला तर तेलाचा पारदर्शक डाग पडला. (पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा जात नाही. ही आपली दुसरी चाचणी.) म्हणजे तेल शिल्लक आहे. तेव्हा सोडा कमी पडला असणार, असेच कुणालाही वाटेल.

मी बाटली मागवली. ते केसांना लावायचे बदाम तेल होते आणि घटकांच्या यादीत पहिले नाव होते मिनरल ऑइल. काही बाटल्यांवर तेच ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ म्हणून छापलेले असते. हे खनिज तेलापासून काढतात. त्यात ग्लिसरीनचा कणा नाही, मेदाम्ले नाहीत; सोड्याबरोबर ते कधीच साबण होत नाही. आता हिशेब पाहा. अर्धा किलो खऱ्या बदाम तेलाला ६८ ग्रॅम सोडा लागतो. बाटलीत तीन चतुर्थांश पॅराफिन असेल तर प्रत्यक्षात लागला फक्त १७ ग्रॅम. उरलेला सोडा जाणार कुठे? तो वडीतच राहतो. म्हणजे साबण तेलकट आणि मऊ आहे, आणि त्याच वेळी दाहकही आहे. यात ‘आणखी थोडा सोडा’ घातला असता तर काय झाले असते ते सांगायला नको.

तो साबण फेकावा लागला. वहिनींना वाईट वाटले, पण पाकिटे वाटायच्या आधी कळले हे नशीबच. सुगंधी, केसांच्या तेलांची बाटली साबणाला घेण्याआधी घटकांची यादी वाचा. स्वयंपाकाचे तेल घेतलेत तर हा प्रश्नच येत नाही.

चौथा प्रश्न: सोडा कोणता, किती, आणि किती जुना?

खेड्यात भांडी घासायला वापरतात त्या लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. राखेच्या पाण्यापासून केलेला साबण मऊ, लोण्यासारखा होतो. उलट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्यात सोडियमचे क्षार आहेत. तिथला सोडा पूर्वी काढला जाई. सोडियमने वडी होते, पोटॅशियमने मलम. साबणाच्या इतिहासातला हा भेद आजही दुकानाच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेला असतो: कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश. दोन्ही पांढरे, दोन्हींवर तोच धोक्याचा इशारा. एका तरुण जोडप्याने पातळ साबणासाठी विकला जाणारा पोटॅश आणला आणि सोड्याच्या कोष्टकाने मोजला. पोटॅश वजनाने १.४ पट लागतो. म्हणजे तेलाचा फक्त ७१ टक्के भाग साबण झाला, तोही मऊ जातीचा, आणि २९ टक्के तेल तसेच राहिले. डब्यावरचे पूर्ण रासायनिक नाव वाचले की हा घोळ टळतो.

डबा किती जुना आहे तेही पाहा. कॉस्टिक सोडा हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू त्याचा धुण्याचा सोडा होत जातो. धुण्याच्या सोड्याने तेलाचा साबण होत नाही. दाण्यांचे ढेकूळ झाले असेल तर वजन भरते, पण जोर भरत नाही. नळ मोकळा करायच्या काही चूर्णांत सोड्याबरोबर ॲल्युमिनियमचे कण असतात. ती साबणाला चालत नाहीत.

आणि मोजायचे ते वजनाने. चमचा, वाटी, कप यांनी नाही. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९२० ग्रॅम भरते. ‘एक किलो’च्या जागी ‘एक लिटर’ घेतले की सोडा जवळपास नऊ टक्क्यांनी जास्त होतो, आणि आपण सुरक्षिततेसाठी जे पाच टक्के तेल जादा ठेवतो ते खाऊन वर उरतो.

पाचवा प्रश्न: मिश्रण खरोखर मिळून आले होते का?

तेल आणि सोड्याचे पाणी ढवळत राहिले की मिश्रण आधी कढीसारखे आणि मग पिठल्यासारखे होते. चमच्याने सोडलेली धार वर रेघ उमटवते. तोवर ढवळायचे असते. इथल्या थंड स्वयंपाकघरात मात्र एक फसवणूक होते. खोबरेल २४ अंशांना थिजते, कोको बटर ३४ च्या आसपास. तेले कोमट असताना थंड पातेल्यात ओतली की ती साबण झाल्यामुळे नव्हे, तर नुसती थिजल्यामुळे घट्ट दिसतात. आपण समाधानाने साच्यात ओततो आणि दुसऱ्या दिवशी वर तेल, खाली पाणी. उपाय सोपा: दोन्ही मिश्रणे ३५ ते ४० अंशांवर एकत्र करा आणि साचा जुन्या रजईत गुंडाळून ठेवा.

भर घालण्याच्या हौसेबद्दलही दोन शब्द. ऑकलंडमध्ये मागल्या अंगणात लिंबाचे झाड असतेच, आणि लिंबाचा रस घालण्याचा मोह होतो. दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल सहा ग्रॅमहून थोडा अधिक सोडा खाऊन टाकते. तेवढा सोडा तेलाला कमी पडतो. दही तेच करते. साय आणि नारळाचे दूध हिशेबात नसलेले तेल आणतात. डाळीचे पीठ, उटणे, मध ही सगळी चमचा-दोन चमचे ठीक, वाटीभर नव्हे.

हळदीची साक्ष

सोडा जास्त झाला का ते पाहायला आपल्या घरांत हळद लावतात. वडी लाल झाली की ‘सोडा जास्त’ असा निकाल. हा निकाल चुकीचा आहे. हळद कुठल्याही अल्कधर्मी पदार्थात लाल होते. चुन्याने तिचे कुंकू होते ते याच कारणाने. उत्तम मुरलेला साबणही स्वभावाने अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच साधारण ९ ते १०. म्हणजे हळद दोषी आणि निर्दोष दोघांनाही सारखीच शिक्षा देते. औषधांच्या किंवा बागकामाच्या दुकानात पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. वडी ओली करून पट्टी लावा. ११ च्या वर रंग गेला तर ती वडी अंगाला लावू नका.

दुरुस्ती

निदान झाले की उपाय थोडेच आहेत. पाणी जास्त असेल तर थांबणे. तेलेच मऊ असतील तर पातळ कापून जास्त दिवस वाळवणे, किंवा तो हात धुवायला वापरणे. मिश्रण फुटले असेल, किंवा वहीवरून नक्की कळले की अमुक ग्रॅम सोडा कमी पडला, तर वडी किसून स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात, दुसऱ्या गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून, किलोमागे चार-पाच चमचे पाण्यात मंद शिजवायची आणि तेवढाच सोडा पाण्यात विरघळवून घालायचा. सोडा जास्त झाला असेल तर त्याच रीतीने हिशेबाने तेल घालायचे. किती कमी, किती जास्त हे वहीत नसेल तर अंदाजाने काहीच घालू नये.

सोडा हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीच ओतू नये. ॲल्युमिनियम किंवा हिंडालियमचे पातेले वापरू नये; सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन बाहेर पडतो. अंगावर उडाला तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. डोळ्यात किंवा पोटात गेला तर १११ वर फोन करा. सल्ल्यासाठी राष्ट्रीय विषबाधा केंद्राचा क्रमांक ०८०० ७६४ ७६६ आहे. मुले झोपल्यावर हे काम करावे.

पुढच्या घाण्यासाठी

ओटाहुहुच्या दुकानांत मिळणाऱ्या वस्तूंचा, चरबी नसलेला एक हिशेब देतो. खाण्याचे खोबरेल ४०० ग्रॅम, त्याला सोडा ७३.२ ग्रॅम. राइस ब्रान तेल ४५० ग्रॅम, त्याला ५९.९. कोको बटर १५० ग्रॅम, त्याला २०.६. बेरीज १५३.७, त्यातून पाच टक्के वजा केले की १४६ ग्रॅम. पाणी सोड्याच्या दुप्पट, २९२ ग्रॅम. पाण्यात सोडा घालण्यापूर्वी १० ग्रॅम साधे मीठ विरघळवले तर वडी लवकर कठीण होते. कोको बटरऐवजी भिरंडेल घेतलेत तर त्याचा आकडा जवळपास तोच आहे, पण कुठलेही तेल बदलले की सोड्याचा हिशेब नव्याने करायचा, हा नियम सोडू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख, वजने, तेलाच्या बाटलीवरचे नाव वहीत लिहा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. सहा आठवडे मुरायचे आणि दमट हवेचे दोन जादा धरले तर घाणा ऑगस्टच्या मध्यावर पडायला हवा. घाईत केलेली चकली मऊ पडली तर पुन्हा तळता येते. साबणाचे तसे नाही. उशीर झालाच तर यंदा नुसते उटणे द्या, आणि साबण मुरू द्या. संक्रांतीला तिळगुळाबरोबर दिलेली खणखणीत वडीही कुणी परत करणार नाही.